मनमोहन सिंग यांच्यावर चरित्रलेख लिहायचा तर

दिवाळी अंक असो, महाविद्यालयाचे वार्षिक असो की व्याख्यानाची टिपणे, मनमोहन सिंग यांच्यावर लिहायला बसलेला माणूस पहिल्याच ओळीत ‘उदारीकरणाचे शिल्पकार’ लिहून मोकळा होतो. लेख तिथेच घसरतो, कारण पुढची सगळी पाने त्या विशेषणाची राखण करण्यात जातात. हा माणूस तीसहून अधिक वर्षे सरकारी फायलींत वावरला. फायलीवर टिपण एकाचे, शिफारस दुसऱ्याची आणि सही तिसऱ्याची असते. म्हणून त्यांच्या आयुष्यातल्या प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारायचा: सही कोणाची होती? उत्तर मिळाले की श्रेय किती द्यायचे आणि दोष किती, हे बरेचसे आपोआप ठरते.

लिहिण्याआधी वहीत चार रकाने आखा: तारीख, पद, निर्णय, सही. पाचवा रकाना पुराव्याचा ठेवला तर उत्तम. या कामाला एक अख्खा दिवस द्या. ज्यांनी हा दिवस वाचवला त्यांच्या लेखात पदांची सरमिसळ झालेली हमखास दिसते, कारण पदे खरोखरच खूप आहेत आणि नावे एकमेकांसारखी आहेत.

रकान्यांत भरायची पदे अशी. पंजाब विद्यापीठात अध्यापन, १९५७ पासून. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकासविषयक संस्थेत, म्हणजे अंक्टाडमध्ये, १९६६ ते १९६९. मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्राध्यापक, १९६९ ते १९७१. सरकारात प्रवेश १९७१ चा, परराष्ट्र व्यापार मंत्रालयाचे आर्थिक सल्लागार म्हणून. १९७२ ते १९७६ अर्थ मंत्रालयाचे मुख्य आर्थिक सल्लागार, त्यानंतर १९८० पर्यंत त्याच मंत्रालयात सचिव. १९८० ते १९८२ नियोजन आयोगाचे सदस्य-सचिव. सप्टेंबर १९८२ ते जानेवारी १९८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. १९८५ ते १९८७ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. पुढे १९९० पर्यंत जिनिव्हात साउथ कमिशनचे, म्हणजे विकसनशील देशांच्या आयोगाचे, महासचिव, अध्यक्ष टांझानियाचे ज्यूलियस न्येरेरे. परतल्यावर पंतप्रधान चंद्रशेखर यांचे आर्थिक सल्लागार, मार्च १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि २१ जून १९९१ रोजी अर्थमंत्री.

यात दोन ठिकाणी हमखास चूक होते. एक, नियोजन आयोगाचा ‘अध्यक्ष’. आयोगाचे अध्यक्षपद पदसिद्ध पंतप्रधानांकडे असे. कामकाज चालवणारा तो उपाध्यक्ष. दुसरी चूक मराठी लेखकाने तर मुळीच करू नये: ‘रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेले पहिले अर्थमंत्री’. तो मान चिंतामणराव देशमुखांचा. १९४३ ते १९४९ गव्हर्नर, १९५० ते १९५६ अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. मनमोहन सिंगांबद्दल निर्विवाद म्हणता येईल ते असे, की गव्हर्नरपद भूषवून पुढे पंतप्रधान झालेले ते एकटेच.

बालपणाला दोनशे शब्द पुरे. जन्म २६ सप्टेंबर १९३२, गाव गाह. आज ते पाकिस्तानच्या चकवाल जिल्ह्यात आहे. ‘पाकिस्तानात जन्म’ असे लिहू नका, १९३२ मध्ये पाकिस्तान नव्हते. ‘तेव्हाच्या अखंड पंजाबातले गाह’ हे बरोबर. आई अमृत कौर लहानपणीच गेली, आजीने वाढवले. वडील गुरमुख सिंग सुक्या मेव्याच्या व्यापारात. शाळा उर्दू माध्यमाची, आणि ही गोष्ट शोभेची नाही: पुढे हिंदी भाषणेही ते उर्दू लिपीत लिहून घेत. फाळणीत कुटुंब इकडे आले आणि अमृतसरला स्थिरावले. हा भाग रडवेला करण्याचा मोह होतो. त्यांनी स्वतः तो जाहीरपणे फारसा कधी उगाळला नाही, तेव्हा लेखकानेही हात आखडता ठेवावा.

शिक्षणाला मात्र जागा द्या, कारण १९९१ ची मुळे तिथे आहेत. अमृतसरचे हिंदू कॉलेज, मग पंजाब विद्यापीठाचे होशियारपूर, तिथून १९५२ मध्ये बी.ए. आणि १९५४ मध्ये एम.ए. चंदीगड लिहाल तर फसाल. फाळणीनंतर लाहोर गमावलेल्या विद्यापीठाचे विभाग तेव्हा विखुरलेले होते. पुढे केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज, १९५७ मध्ये प्रथम वर्गात ट्रायपॉस, म्हणजे तिथली पदवी परीक्षा. डॉक्टरेट मात्र केंब्रिजची नव्हे, ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजची, १९६२ ची. ‘केंब्रिजहून डॉक्टरेट’ ही चूक छापील पुस्तकांतही सापडते.

प्रबंधाचा विषय होता भारताची १९५१ ते १९६० या दशकातली निर्यात. त्या काळी प्रचलित समज असा, की गरीब देशाच्या मालाला जगात मागणीच वाढत नाही, तेव्हा निर्यातीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. सिंगांचे म्हणणे उलटे होते. निर्यात रेंगाळली त्यात आपल्याच धोरणांचा मोठा वाटा आहे, असे त्यांनी आकडेवारीने मांडले. लेखात हे चार-पाच वाक्यांत नीट आले पाहिजे, कारण त्यावरून पुढचा गाठीचा प्रश्न उभा राहतो: ज्याला हे १९६२ मध्येच पटले होते, त्याने १९७१ ते १९८७ या काळात परवाने आणि नियंत्रणांच्या यंत्रणेत बसून काय केले? भक्त हा प्रश्न टाळतात, विरोधक त्याचा सोटा करतात. प्रामाणिक उत्तर रकान्यांतच आहे. सल्लागार सल्ला देतो, सचिव टिपण चढवतो, सही मंत्र्याची. पुन्हा, त्या काळात ते नियंत्रणांविरुद्ध दंड थोपटून उभे होते असेही दाखवता येत नाही. व्यवस्थेत राहून, तिच्याच भाषेत बोलणारा अधिकारी, इतकेच म्हणा.

आता १९९१. लेख दोन हजार शब्दांचा असेल तर साडेपाचशे-सहाशे शब्द इथे खर्च करा, आणि दिवसांच्या क्रमाने लिहा. ‘जुलैमध्ये क्रांतिकारक निर्णय झाले’ असे मोघम लिहिले की सगळे श्रेय एकाच्या खात्यावर जमा होते.

पार्श्वभूमीला तीन गोष्टी पुरतात. आखाती युद्धाने तेल महागले. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. बाहेरच्या बँकांनी अल्पमुदतीची कर्जे पुढे चालवायला नकार दिला. जून १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी सुमारे ११० कोटी डॉलर उरली होती, जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीइतकी. याच्या तळाशी दहा वर्षांची तूट होती. अर्थसंकल्पी भाषणातच आकडा आहे: केंद्राची राजकोषीय तूट १९९०-९१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांहून अधिक, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती सहा होती. युद्धाला सगळा दोष देणारा लेख अर्धवट असतो.

मग सोने. सर्वांत जास्त घोळ इथे होतो, कारण व्यवहार एक नव्हता, दोन होते. मे १९९१ मध्ये सरकारने ताब्यातले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत परत खरेदीच्या अटीवर विकले. तेव्हा पंतप्रधान चंद्रशेखर, अर्थमंत्री यशवंत सिन्हा. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून ४० कोटी ५० लाख डॉलर उचलले. तेव्हा नरसिंह राव आणि मनमोहन सिंग. ‘मनमोहन सिंगांनी ६७ टन सोने गहाण टाकले’ हे चूक आणि ‘सोने आधीच्या सरकारनेच गहाण टाकले’ हेही चूक. पहिला व्यवहार विक्रीचा, दुसरा तारणाचा. दोन्हींना सरसकट ‘गहाण’ म्हणू नका.

अवमूल्यनही दोन टप्प्यांत. १ जुलैला सुमारे ९ टक्के, ३ जुलैला सुमारे ११ टक्के. या दोघांची बेरीज करून २० लिहिणे ही शाळकरी चूक आहे, कारण दुसरी टक्केवारी आधीच खाली आलेल्या दरावर लागते. शिवाय डॉलर किती महागला आणि रुपया किती उतरला, ही दोन वेगळी गणिते. डॉलर साधारण २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या आसपास गेला, म्हणजे वीसहून अधिक टक्क्यांनी महागला. रुपयाचे मोल मात्र १८-१९ टक्क्यांनी घटले. कोणते सांगता आहात ते वाक्यातच स्पष्ट करा. दुसऱ्या टप्प्याआधी राव कचरले, अर्थमंत्र्यांनी रिझर्व्ह बँकेत फोन केला, पण डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांनी दर आधीच जाहीर करून टाकला होता, ही हकिकत संबंधितांनी सांगितलेली आहे. वापरायला हरकत नाही, फक्त ‘सांगितले जाते’ हे शब्द गाळू नका.

त्याच आठवड्यात निर्यातीवरचे रोख अनुदान बंद करून नवे व्यापार धोरण आले. सही वाणिज्यमंत्री पी. चिदंबरम यांच्या खात्याची. वाणिज्य सचिव होते माँटेकसिंग अहलुवालिया.

२४ जुलैच्या दिवशी दोन कागद संसदेत आले आणि लोकांच्या आठवणीत ते एकच झाले आहेत. औद्योगिक धोरणाचे निवेदन उद्योग राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी मांडले; उद्योग खाते पंतप्रधान रावांनी स्वतःकडे ठेवले होते. अठरा उद्योग वगळता परवाना पद्धत रद्द झाली ती या कागदाने. ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला आपोआप मंजुरी मिळाली तीही याच कागदाने. अर्थसंकल्प हा दुसरा कागद, मनमोहन सिंगांचा. त्यात कमाल आयात शुल्क १५० टक्क्यांवर आणले, तूट ६.५ टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य ठेवले, खते आणि पेट्रोल महाग केले. म्हणजे ‘परवानाराज मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्पात संपवले’ या वाक्यात व्यक्ती आणि कागद दोन्ही चुकलेले आहेत. आराखडा ठरवण्यात त्यांचा हात होता, हे कुणी नाकारत नाही. पण राजकीय जोखीम रावांची, आणि खाते रावांचे.

खतांचा प्रसंग आवर्जून घ्या. दर सरासरी ४० टक्क्यांनी वाढवण्याची घोषणा झाली, पक्षातूनच ओरड झाली, वाढ ३० टक्क्यांवर आली. अर्थतज्ज्ञाचा राजकारणी होणे म्हणजे काय, हे यातून एका परिच्छेदात दिसते. कोणत्याही विशेषणाने ते साधत नाही.

भाषणाचा शेवट सगळे उद्धृत करतात: ज्या कल्पनेची वेळ आली आहे तिला जगातली कोणतीही शक्ती रोखू शकत नाही. हे व्हिक्टर ह्यूगोचे म्हणून त्यांनी स्वतः सांगितले होते. त्यांच्या नावावर खपवू नका. भाषणाची मूळ प्रत अर्थ मंत्रालयाच्या अर्थसंकल्पी संकेतस्थळावर आहे आणि परिच्छेदांना क्रमांक आहेत. कुठलाही आकडा घेताना टिपणात परिच्छेद क्रमांक लिहून ठेवला की संपादकाच्या शंकेला दोन मिनिटांत उत्तर देता येते. भाषण पूर्ण वाचायला दीड-दोन तास लागतात. ते टाळून १९९१ वर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ओळखू येतात.

१९९२ ते १९९६ हा काळ लेखांत बहुधा नुसताच उडवलेला असतो. निदान तीन नोंदी करा. एप्रिल १९९२ मध्ये रोखे घोटाळा उघडकीला आला. अर्थमंत्री म्हणून जबाबदारी त्यांच्याकडे येत होती, संयुक्त संसदीय समितीच्या अहवालानंतर त्यांनी राजीनामा देऊ केला, रावांनी घेतला नाही. १९९३ मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोडला, १९९४ मध्ये चालू खात्यावर, म्हणजे व्यापार आणि सेवांच्या देवघेवीसाठी, रुपया परिवर्तनीय झाला. आणि १९९४ मध्येच सेवाकर आला: टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या तीन सेवांवर ५ टक्के. आजच्या वस्तू आणि सेवा कराच्या वंशावळीत हा पूर्वज आहे.

निवडणुकीचा मुद्दा एका परिच्छेदात संपवा, पण अचूक. राज्यसभेवर ते १९९१ पासून आसाममधून गेले, २०१९ पर्यंत. त्यानंतर राजस्थानातून, एप्रिल २०२४ पर्यंत. लोकसभा एकदाच लढवली, १९९९, दक्षिण दिल्ली, विजयकुमार मल्होत्रांकडून पराभव. ‘ते कधीच निवडून आले नाहीत’ हे चूक. राज्यसभा हीही निवडणूकच. ‘लोकसभेवर कधी निवडून आले नाहीत’ असे लिहा. १९९८ ते २००४ ते राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते, हे निम्म्या लेखांत नसतेच.

पंतप्रधानपद, २२ मे २००४ ते २६ मे २०१४. इथे सहीचा प्रश्न उलटा फिरतो. आता अंतिम सही त्यांची, पण वजन कोणाचे? सोनिया गांधी सरकारला धोरणे सुचवणाऱ्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या अध्यक्षा, सरकार डाव्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर, अर्थ खाते २००८ पर्यंत चिदंबरम यांच्याकडे, जानेवारी २००९ पासून प्रणव मुखर्जींकडे, २०१२ च्या मध्यानंतर पुन्हा चिदंबरम यांच्याकडे. मधल्या दोन छोट्या खिडक्यांत, २००८ च्या अखेरीस आणि २०१२ च्या जून-जुलैत, अर्थ खाते स्वतः पंतप्रधानांकडे होते. २०१२ च्या अर्थसंकल्पातला पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू होणारा, कर कोणाच्या खात्यात टाकायचा हे यावरून कळेल: अर्थमंत्री मुखर्जी, पण मंत्रिमंडळाचे प्रमुख सिंग. दोन्ही लिहा.

कायद्यांत माहितीचा अधिकार आणि रोजगार हमी, दोन्ही २००५ चे. मराठी वाचकाला हे दोन्ही घरचे आहेत. माहितीच्या अधिकाराचा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२ पासून होता आणि रोजगार हमी तर सत्तरच्या दशकापासून. केंद्राच्या योजनेची सुरुवात फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत झाली, वर्षाला प्रति कुटुंब १०० दिवस. दोन्हींमागे सल्लागार परिषदेचा रेटा मोठा होता, हे नोंदवल्याशिवाय श्रेय वाटू नका.

याउलट अणुकरार. १८ जुलै २००५ चे अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांच्यासोबतचे संयुक्त निवेदन, ८ जुलै २००८ रोजी डाव्यांनी काढलेला पाठिंबा, २२ जुलैला २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकलेला विश्वासदर्शक ठराव, ऑक्टोबरमध्ये सह्या. सरकार पणाला लावून आग्रह धरला असे हे त्यांचे ठळक उदाहरण. ‘दुबळे पंतप्रधान’ हे विशेषण वापरायचेच असेल तर हा परिच्छेद त्याच्या शेजारी ठेवा आणि वाचकाला ठरवू द्या.

विदर्भावर दोनशे शब्द खर्च केले तर मराठी लेख इतरांहून वेगळा होतो. १ जुलै २००६ रोजी त्यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. मग २००८ ची देशव्यापी कर्जमाफी. तिची अट बघा: दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, त्यावर एकरकमी फेड केल्यास २५ टक्के सूट. कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यात शेतकऱ्याकडे दोन हेक्टरहून जास्त जमीन असणे म्हणजे सुबत्ता नव्हे. पाच एकरांच्या ओलिताची बरोबरी बारा एकर कोरडवाहू करत नाही. ज्या भागातल्या आत्महत्यांमुळे हा विषय दिल्लीपर्यंत गेला, तिथलेच बरेच जण अटीबाहेर राहिले. दोष अटीच्या रचनेत होता, आणि ती हेक्टरच्या एकाच मापाने केलेली होती.

घोटाळ्यांच्या भागात आकडा लिहिण्याची एक शिस्त पाळा: कोणी काढला, कसला, पुढे काय झाले. टू-जी दूरसंचार परवान्यांचा १ लाख ७६ हजार कोटींचा आकडा हा महालेखापालांच्या नोव्हेंबर २०१० च्या अहवालातला अंदाजित तोटा, आणि त्याच अहवालात ५७ हजार कोटींपासूनचे इतर अंदाजही आहेत. ‘इतक्या कोटींची लूट’ हा त्याचा अनुवाद होत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले आणि विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले. यातले एक लिहून दुसरे गाळणे म्हणजे बाजू घेणे. कोळसा खाणींच्या वाटपात सही थेट सिंगांपर्यंत पोचते, कारण काही काळ खाते त्यांच्याकडेच होते. सप्टेंबर २०१४ मध्ये २०४ खाणपट्ट्यांचे वाटप रद्द झाले. मार्च २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना समन्स काढले, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

विकासदराचे आकडे देताना आधार वर्ष, म्हणजे कोणत्या वर्षाच्या किमती पायाभूत धरल्या ते, सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०१०-११ ची वाढ आधी १०.३ टक्के मानली जात होती, नोव्हेंबर २०१८ च्या सुधारित मालिकेत ती ८.५ झाली. एका परिच्छेदात एक मालिका आणि दुसऱ्यात दुसरी, असा लेख जाणकार वाचक तिथेच मिटतो.

अवतरणे कमीत कमी. ३ जानेवारी २०१४ च्या पत्रकार परिषदेतले वाक्य सगळ्यांना हवे असते, आणि ते बहुधा ‘इतिहास मला न्याय देईल’ असे छापले जाते. ते तसे म्हणाले नव्हते. आजच्या प्रसारमाध्यमांपेक्षा आणि संसदेतल्या विरोधी पक्षांपेक्षा इतिहास आपल्याशी अधिक ममतेने वागेल, असा त्या इंग्रजी वाक्याचा आशय. मूळ शब्द इंग्रजी असतील तर मराठीत अवतरणचिन्हे न लावता आशय द्यावा. नोटाबंदीवरचे २४ नोव्हेंबर २०१६ चे भाषण राज्यसभेच्या कामकाजात शब्दशः आहे; तिथूनच घ्या, फिरत्या चित्रफितींवरून नको. मुलगी, माध्यम सल्लागार, सहकारी मंत्री यांच्या आठवणी वापरताना प्रत्येक जण कुठे बसून पाहत होता ते एका शब्दात सांगा. घरातला माणूस फायलींबद्दल आणि कचेरीतला माणूस मनाबद्दल बोलायला लागला की सावध व्हा.

मृत्यू २६ डिसेंबर २०२४, दिल्ली, वय ९२. पुरस्कारांची यादी देऊ नका. पद्मविभूषण १९८७ मध्ये, म्हणजे अर्थमंत्री होण्याआधी मिळाले होते, एवढे एक वाक्य पुरे.

मजकूर पूर्ण झाल्यावर लाल पेन घेऊन फक्त क्रियापदे वाचा. ‘केले’ जिथे आहे तिथे रकान्यात बघा: केले, सुचवले, मंजूर केले की होऊ दिले? सरासरी लेखात दहा-बारा क्रियापदे बदलावी लागतात. शेवटी चित्र. नोटेवरची त्यांची सही छापायची असेल तर नोट तपासून घ्या. दोन रुपये आणि त्यावरच्या नोटेवर गव्हर्नरची सही असते, तिथे त्यांची सही १९८२ ते १९८५ मधली. एक रुपयाची नोट सरकारची, तिच्यावर सही अर्थ मंत्रालयाच्या सचिवाची. तिच्यावरची त्यांची सही सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली. एक रुपयाच्या नोटेखाली ‘गव्हर्नर मनमोहन सिंग यांची सही’ असे छापले तर नोटा जमवणारा पहिलाच वाचक चूक काढेल.